तेजूचं रडणं आणि माझं घड्याळ

३ नोव्हेंबर, सोमवार

घड्याळ पुन्हा संध्याकाळीच बंद पडलं. मी कणीक मळत होते, हात पिठात, मनगटाकडे बघितलंच नाही. हात धुऊन खोलीत गेले तर तेजू पाळण्यात उताणी, तोंड लालबुंद, उचक्या लागलेल्या. किती वेळ रडत होती कोण जाणे. मला कळायचा मार्ग एकच, आणि तो काळा ठिक्कर पडलेला.

ओंकार सेकंड शिफ्टला, चाकणला. घरात आम्ही दोघीच.

उचलून घेतलं तर तिचं सगळं अंग हुंदक्यांनी हलत होतं. ते मला कळतं. आवाज कळत नाही. चौथीत होते तेव्हा तापात गेला, तो गेलाच. कानातल्या यंत्राचाही उपयोग नाही. म्हणून माझा फोन दिवसभर पाळण्याजवळ. त्याला बाळाचं रडणं ओळखता येतं, दाराची बेल ओळखता येते. ओळखलं की घड्याळ माझ्या मनगटावर थरथरतं. तेजू झाली तेव्हापासून असंच चाललंय. पण घड्याळ जुनं आहे. पूर्वी ओंकार घरी येईपर्यंत टिकायचं. आता दिवेलागणीलाच मान टाकतं.

ओंकारला सांगितलं नाही. सांगेन.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं. तो नीट माझ्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाला, "विजू, सर्व्हिस सेंटरला देऊ. बॅटरी बदलून मिळेल." चौकशीही केली. घड्याळ आठवडाभर ठेवून घेणार म्हणे. मग आठवडाभर मी काय करू? "नवीन घेऊ," म्हणाला. नवीनही चार दिवसांनी असंच वागलं तर? आधी बघायला हवं की बॅटरी जाते कुठे.

तेजू झोपल्यावर सेटिंगमध्ये शिरले. सगळ्यात जास्त खाणारी – स्क्रीन. मी तर स्क्रीनकडे बघतसुद्धा नाही! बराच वेळ काही उलगडेना. मग ती चुळबुळली, मी पाळण्याची दोरी ओढायला लागले आणि दिसलं. प्रत्येक झोक्याला मनगट वळतं. मनगट वळलं की घड्याळाला वाटतं मला वेळ बघायची आहे, ते उजळतं. झोका, उजेड. झोका, उजेड. दिवसातून किती झोके देते मी?

ती सोय बंद केली. स्क्रीन सतत मंद चालू राहायची, तीही बंद. आता हवी तेव्हा बोटाने टिचकी मारायची.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवेलागणी झाली. घड्याळ जिवंत. थोडीच शिल्लक आहे, पण आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज आणखी काय काय सापडलं. घड्याळाचा चेहरा मी हौसेने फुलपाखरांचा ठेवला होता, पंख हलणारा. काढला. काळ्यावर पांढरे आकडे, बस. नाडीचे ठोके ते दिवसभर मोजत होतं, झोपेत रक्तातला ऑक्सिजन. माझ्या नाडीला काय झालंय? बंद. आणि ओंकारच्या चऱ्होलीच्या भावकीचा ग्रुप! सकाळी उठल्यापासून फुलं, सुविचार, वाढदिवस, आणि प्रत्येकाला घड्याळ थरथरणार. आता तिघांनाच परवानगी – तेजूचं रडणं, दाराची बेल, ओंकार.

ओंकार म्हणाला, "थरथर पण कमी कर की. ती पण बॅटरी खाते."

खाते, खरंय. पण ती कमी करायची नाही. मग बाकीचं वाचवतेय कशासाठी?

तो फोनवर आईशी बोलत होता, पाठमोरा. आरशात ओठ दिसत होते, सगळे नाही. "...न्हाई गं... सांभाळती ती..." मग बराच वेळ ऐकत राहिला. मी येताना दिसले तर हसला. ते हसू मला आवडलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपार

मिळालं! यादीच्या अगदी तळाशी एक पर्याय होता – सगळ्यात जास्त बचत. सकाळी तेजूला खाऊ घालतानाच चालू केला. दुपार झाली तरी बॅटरी जवळजवळ भरलेली. असं दोन दिवससुद्धा जाईल. इतके दिवस कुठे होतीस बाई तू?

तेजू झोपलीय. भाकऱ्या टाकून घेते.

१० नोव्हेंबर. संध्याकाळ

तेजूला मांडीवर घेऊन लिहितेय.

मी ओट्यापाशी होते, दाराकडे पाठ. तव्यावरची भाकरी उलटली. मनगटाकडे बघितलंसुद्धा – बॅटरी भरपूर, वेळ दिसतेय, सगळं शांत. पुढची थापायला घेतली. तेवढ्यात कुणीतरी दंडाला धरून मला गर्रकन वळवलं. शेजारच्या झुलेखाभाभी. त्यांच्याकडे आमची एक किल्ली असते. त्यांच्या मागे सासूबाई, चऱ्होलीहून आलेल्या. तेजू त्यांच्या कडेवर. तिच्या ओठातून रक्त येत होतं, हनुवटीवरून सासूबाईंच्या पदरावर.

पाळण्याच्या कडेला धरून उभी राहिली असणार. तशीच तोंडावर आपटली.

सासूबाई बेल वाजवून थकल्या होत्या. आतून पोरीचं रडणं त्यांना ऐकू येत होतं. दार बंद. मग झुलेखाभाभींना उठवलं. हे सगळं भाभींनी मला नंतर समजावून सांगितलं. सासूबाई बोलत होत्या ते मला धड वाचता येईना, त्या रागाने इकडेतिकडे बघत बोलत होत्या. "...दाराबाहीर हुबी... गळा सुकला पोरीचा... आन् ही भाकरी..." एक वाक्य मात्र त्यांनी माझ्याकडे सरळ बघून म्हटलं. "तुला दोष देत न्हाई मी. पर तुझ्या हाती पोर ऱ्हायची न्हाई."

डॉक्टरांकडे जाऊन आलो. टाके नाहीत. आतून फाटलंय, भरून येईल म्हणाले.

आल्यावर त्या बचतीच्या पर्यायाखालचा मजकूर वाचला, बारीक अक्षरातला. फक्त वेळ दिसेल. फोनकडून येणाऱ्या सर्व सूचना बंद राहतील.

सर्व. म्हणजे बॅटरी वाचली होती ती यामुळे. घड्याळ मला काहीच सांगत नव्हतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तेजूला चऱ्होलीला नेलं.

मी भांडले. खूप भांडले. माझा आवाज चढला की कसा लागतो मला माहीत नाही, पण ओंकारने खिडकी लावून घेतली. तो म्हणत होता, "थोडेच दिवस. आईचंही चुकलं नाही, विजू. ती बाहेर उभी होती." मी विचारलं, "आणि माझं?" त्याने चेहरा दोन्ही हातांनी पुसला.

सासूबाईंनी तेजूचे कपडे भरले, दुपटी भरली, औषधाची बाटली भरली. कुठे काय असतं ते सगळं त्यांना सांगावं लागलं. मीच सांगितलं. रिक्षात बसताना तेजूने माझी ओढणी धरून ठेवली होती. मूठ मीच सोडवली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बचतीचा पर्याय बंद केलाय, तरी घड्याळ दिवसभर थरथरलं नाही. बॅटरी भरपूर उरली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ओंकार म्हणाला, आता घड्याळ सर्व्हिस सेंटरला द्यायला हरकत नाही. खरं तर हीच वेळ. पण दिलं नाही. ते दिलं की तेवढे दिवस तेजू तिथेच. आहे त्या बॅटरीवर जमवून दाखवायचंय. नंतर बदलू.

कालपासून डोक्यात एकच. घड्याळ कुठे पोचतं, कुठे नाही, हे मी कधी तपासलंच नाही. देवावर हवाला ठेवून चालले होते. लसीच्या दिवशीचा ओंकारने काढलेला व्हिडिओ आहे, त्यात तेजू जिवाच्या आकांताने रडतेय. तो त्याच्या जुन्या फोनवर लावला, फोन रिकाम्या पाळण्यात ठेवला. माझा फोन नेहमीच्या जागी.

स्वयंपाकघर – थरथरलं. मोरी – थरथरलं, पण उशिरा. गच्चीवर कपडे वाळत घालते तिथे – काहीच नाही. वर गेलं की फोनशी संबंधच तुटतो, मग घड्याळ त्याला शोधत राहतं आणि शोधण्यातच बॅटरी जाळतं. खाली आल्यावरही पुन्हा जोडायला वेळ लावतं. म्हणजे कपडे आता गॅलरीतच.

मोरीत उशीर का? फोन होता लोखंडी कपाटाच्या आड. काढून उघड्या फळीवर ठेवला. पुन्हा लावून बघितलं. लगेच!

ओंकार घरीच होता, शिफ्टला जायचं होतं. मी मोरीतून बाहेर आले तर तो पाळण्यापाशी उभा, डोळे भरलेले. "बंद कर ना आता," म्हणाला. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्यासाठी ते नुसतं मनगटावरचं होतं. तो सकाळपासून तिचं रडणं ऐकत होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ओंकार गेल्यावर पुन्हा लावलं. घड्याळ थोडंसंच चार्ज असताना थरथर मंदावते का, ते बघायचं होतं. नाही मंदावत. तेवढ्यात वेगळी थरथर – बेल. दारात झुलेखाभाभी, धापा टाकत. "आली का तेजू? केव्हाची रडतीय, म्हटलं तुम्हाला पुन्हा कळलं न्हाई का..." आणि पाळण्यात बघितलं त्यांनी. फोन पडलेला, त्यावर तेजू रडतेय.

त्यांनीच तो बंद केला. मला जवळ घेतलं. काहीतरी बोलल्या, माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून. ते मला वाचता आलं नाही.

चहा घेताना त्यांना सगळं सांगितलं. माझी खरी चूक चार्जिंगची होती. रात्री एकदाच पूर्ण भरायचं आणि मग दिवसभर ओढायचं. पण तेजूला तेल लावते, न्हाऊ घालते, मांडीवर घेऊन भरवते तेव्हा घड्याळाची गरजच काय? ती माझ्या डोळ्यांसमोर असते. तेव्हा लावायचं चार्जिंगला. थोडं सकाळी, थोडं दुपारी, थोडं संध्याकाळी, दिवे लागायच्या आत. जुनी बॅटरी असली तरी अशी थोडी थोडी भरून ओंकार येईपर्यंत पुरते. काल पुरली, आजही पुरतेय. तेजू घरात आहे असं समजून दोन्ही दिवस तसंच वागले.

भाभी म्हणाल्या, "सासूला हेच सांगा." मग कप खाली ठेवून, "सांगताना रडू नका."

१६ नोव्हेंबर, रविवार. चऱ्होली

ओंकारची सुट्टी. दोघं आलो. सासूबाईंच्या नव्या घराच्या आजूबाजूला सगळीकडे इमारतींची कामं चालू, धुळीने झाडं पांढरी. तेजूने मला बघितलं आणि आधी तोंडच फिरवलं. मग कडेवर आली ती उतरेना. ओठ भरून आलाय.

जेवणं झाल्यावर मी सासूबाईंसमोर बसले. घड्याळ काढून पुढे ठेवलं. पाळण्याची दोरी, कपाट, गच्ची, चार्जिंग, एकेक सांगितलं. रडले नाही. पाळणा काढून टाकणार, तेजूचं अंथरूण खाली जमिनीवर घालणार, तेही सांगितलं. त्यांनी घड्याळाला हातसुद्धा लावला नाही.

"आन् तरी बंद पडलं तर?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारून ठेवला होता. "बंद पडेल," मी म्हटलं. "यंत्र आहे. म्हणून वीस टक्के झाले की मी तिच्या समोरून उठणार नाही. पोळ्या राहू देत, दार वाजू दे. चार्ज होईपर्यंत मी तिच्यासमोर."

ओंकार म्हणाला, "आणि माझ्या फोनवर पण दिसतं आता, तिच्या घड्याळात किती आहे ते. कमी झालं तर मी झुलेखाभाभींना फोन करीन."

सासूबाई बराच वेळ तेजूच्या झबल्याचा बंद सोडत-बांधत राहिल्या. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "मला भ्या वाटतं गं. ती रडती तवा हातातलं टाकून मी पळते. तुला ते कळतच न्हाई तर तू उठशील कशी?"

मी घड्याळ उचलून पुन्हा मनगटावर बांधलं.

"ऱ्हावा आज," म्हणाल्या. "उद्या बघू."

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दिवाणाच्या कडेला बसून मटार सोलत होते. तेजू मागे खेळत होती. फळीतून एक धक्का आला. पुन्हा एक. वळले तर तेजू तळहाताने दिवाण बडवत होती, माझ्याकडे बघत. मी वळल्याबरोबर थांबली आणि दोन्ही हात वर केले, घे म्हणून. सासूबाई दारात होत्या. म्हणाल्या, "आल्यापासनं हीच खोड लागलीय. रडायचं सोडून बडवती, आन् मग दाराकडं बघत बसती."

मी म्हटलं, "खोड नाही, आई. ओंकार मला अशीच हाक मारतो. पलंगावर थाप मारून."

मी तेजूला उचलून मटाराकडे वळले. थोड्या वेळाने पुन्हा फळीतून धक्का आला, मोठा. तेजू तर माझ्या मांडीवर. मागे बघितलं. सासूबाई दिवाणावर हात टेकून उभ्या होत्या.

"तिची पिशवी काढते," त्या म्हणाल्या. "भराया घेते."