ग्लेनिसचं दुसरं कॅलेंडर

३ मार्च, सोमवार

आली एकदाची सिडनीच्या मुख्य ऑफिसची बाई! नाव अँथिया, वय तिशीच्या आसपास, आणि ब्रोकन हिलच्या लाल धुळीत पांढरेशुभ्र बूट घालून आलेली. डॉट माझ्या कानात म्हणाली, "संध्याकाळपर्यंत विटकरी होतात की नाही बघ." झालेच.

पण बाई कामाचं बोलली. म्हणे, "रेलीन, तुमच्या नर्सेस किती घरी जातात, किती लांब जातात, हे आम्हाला तिकडे दिसतच नाही. तुमच्या कॅलेंडरमधल्या भेटी थेट आमच्या डेटा वेअरहाऊसमध्ये यायला हव्यात." मी म्हटलं, गोदाम म्हण की सरळ. हे करणार कोण? "तुम्हीच! कोड लिहायचा नसतो. पडद्यावर चौकोन असतात, ते बाणांनी जोडायचे."

मी! वय चोपन्न, आयुष्य गेलं ड्यूट्या लावण्यात. आणि आता चौकोन जोडायचे!

तिसरी नर्स मागून मागून चार वर्षं झाली. ग्लेनिस आणि डॉट, दोघीच, आणि एकेक पेशंट दोन-दोनशे किलोमीटरवर. आकडे दिसले तर देतील, असं अँथिया म्हणते. मग जोडते बाई. दगडसुद्धा जोडेन.

६ मार्च, गुरुवार

जोडलं!! मी एकटीने!

पहिला चौकोन कॅलेंडर, शेवटचा गोदाम, मध्ये तीन. दर पंधरा मिनिटांनी आपोआप चालतं. पहिल्यांदा चालवलं तर सगळ्या भेटी अर्ध्या तासाने चुकलेल्या. सिडनीच्या पोरांना ठाऊकच नाही की आमचं घड्याळ अ‍ॅडलेडचं, त्यांच्यापेक्षा अर्धा तास मागे. त्यासाठी आणखी एक चौकोन घातला. अँथियाला फोन करून ऐकवलं. ती म्हणाली, "अय्या, हे आमच्या लक्षातच आलं नसतं!" नसतंच आलं. दिवसभर फुगून फिरले.

ग्लेनिसने किसलेलं चीज-गाजर भरलेलं आमचं चीज-स्लॉचं सँडविच आणलं बक्षीस म्हणून. "आमची इंजिनिअर बाई," म्हणाली. "आता भाव खाशील."

१० मार्च

सिडनीच्या पडद्यावर आमच्या आठवड्याच्या भेटी: एकाहत्तर. बघा म्हणावं!

१२ मार्च, बुधवार

उद्या ग्लेनिस अ‍ॅडलेडला. डोळ्यांची चौथी तपासणी.

इथे कुणालाच ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण तिने तिचं घरचं कॅलेंडर मला उघडून दिलंय, माझ्या पडद्यावर हिरव्या रंगात दिसतं. तसं डॉटचंही आहे माझ्याकडे. इथली रीतच ती – माझ्या आधी बेरिल ड्यूट्या लावायची, तिच्याकडे घराघराच्या वह्या असायच्या. कुणाच्या मुलाचा सामना, कुणाच्या आईचं ऑपरेशन, ते बघूनच ड्यूटी लावायची. नाहीतर इथे कुणी टिकलंच नसतं.

डॉक्टर म्हणतात, गाडी चालवायला हरकत नाही, फक्त अंधार पडायच्या आत घरी. मावळतीला कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा चांगल्या डोळ्यांनाही दिसत नाही. म्हणून मी ग्लेनिसला जवळची घरं देते आणि टिबूबरा, मेनिंडी अशी लांबची गावं डॉटला. डॉट कुरकुरते. "सगळे लांबचे रस्ते माझ्याच वाट्याला का गं?" मी म्हणते, तू तरुण आहेस. डॉट एक्कावन्नची आहे.

ग्लेनिस म्हणाली होती, "रेलीन, हे फक्त तुझ्यापाशी." एकोणीस वर्षांची मैत्री आहे. आणखी कुणाकडे जाणार ती?

२६ मार्च, बुधवार

झोप येत नाही. लिहिते तरी.

ग्लेनिसला सिडनीचं पत्र आलं. "आपल्या दृष्टीच्या तपासण्यांची माहिती मिळाली आहे." चारही तारखा दिलेल्या. अ‍ॅडलेडच्या क्लिनिकचं नावसुद्धा! पुढचा निर्णय होईपर्यंत गाडी चालवायची नाही, किल्ल्या आजच जमा करायच्या. इथे गाडीविना नर्स म्हणजे काय? घरी बसा, एवढाच अर्थ.

तिने किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. ठेवल्या कसल्या, टाकल्या.

"कुणाला सांगितलंस?"

मी म्हटलं, देवाशपथ, कुणालाही नाही.

"तुझ्याशिवाय कुणाला माहीतच नव्हतं, रेलीन."

आणि निघून गेली. माझ्यावर संशय! तिच्या नवऱ्याच्या मयताच्या वेळी आठ दिवस तिच्या घरी कोण राहिलं होतं? तिचा बगीचा कोण शिंपतं दर उन्हाळ्यात? रडू आलं, मग रागच आला. अजून आहे.

२७ मार्च

तिने तिचं कॅलेंडर बंद केलं. माझ्या पडद्यावरचा हिरवा रंग गेला. मला विचारलंही नाही.

२९ मार्च, शनिवार

दुकानात दिसली. भाज्यांपाशी. मला पाहून वळली. बरं.

३१ मार्च, सोमवार

मला कळलं कोण ते!

अंथरुणात पडल्या पडल्या डोक्यात प्रकाश पडला. डॉट! लांबचे रस्ते तिला जड होत होते. ग्लेनिस ज्या गुरुवारी नसते, त्या दिवशी तिची घरं डॉटच करते, म्हणजे तारखा तिला तोंडपाठ. आणि अँथिया आली तेव्हा डॉट आणि ती पबमध्ये तासभर बसल्या होत्या जेवायला. काय बोलत होत्या इतकं?

सकाळी ऑफिसात सगळ्यांसमोर विचारलं. हो, सगळ्यांसमोरच! तिने पाठीमागून वार केला, मग मी का लाजू?

डॉटचं तोंड उघडंच राहिलं. "रेलीन, ग्लेनिसच्या डोळ्यांना काय झालंय हे मला तुझ्याकडून आत्ता कळतंय."

किती सोंग करावं माणसाने!

"क्लिनिकचं नाव मला कसं कळणार? सांग ना!" ओरडलीच माझ्यावर.

मी म्हटलं, अ‍ॅडलेडमध्ये तुझी बहीण राहते, काढलं असशील शोधून. त्यावर तिने बॅग उचलली आणि मेनिंडीला गेली. निर्दोष असती तर थांबून भांडली असती ना?

अँथियालाही मेल टाकली: आमच्यातलं कोण चुगली करतं, मला नाव हवंय. सुट्टीवर आहे म्हणे, १० एप्रिलपर्यंत.

३ एप्रिल, गुरुवार

ग्लेनिस आली. स्वतःहून. दारात उभी, हातात लॅमिंग्टन केकचा डबा.

"डॉटबद्दल कळलं," म्हणाली. "मी तुला नको ते बोलले."

मग काय, दोघी रडलो. चहा गार झाला. ती म्हणाली, "मला वाटलं होतं, आता विश्वास ठेवायला कुणी उरलंच नाही." मी म्हटलं, मूर्ख आहेस. तिने माझा हात धरून ठेवला बराच वेळ.

कपाचा कान तिला चटकन सापडला नाही. मी कप हळूच तिच्याकडे फिरवला.

७ एप्रिल

डॉटशी कुणी बोलत नाही. चहाला ती आली की उरलेले उठतात. मीही उठते. करावं तसं भरावं.

९ एप्रिल, बुधवार

डॉटने बदली मागितली, मिल्ड्युराला. लगेच मिळालीसुद्धा! बावीस वर्षं इथे राहिलेली बाई, आणि दोन दिवसांत सामान बांधलं. शुक्रवारी सकाळी निघणार.

निरोपाला केक कापायची आमची पद्धत. कुणी आणलाच नाही.

टिबूबराचा म्हातारा कॉलिन फोनवर विचारत होता, "डॉट कुठाय? माझी पट्टी तिलाच नीट बांधता येते." मी म्हटलं, येईल कुणीतरी. कोण येणार? एक गाडीविना, दुसरी मिल्ड्युराला. तिसरी अजून कागदावर!

१० एप्रिल, गुरुवार

आज छान झालं. ग्लेनिसने कॅलेंडर मला पुन्हा उघडून दिलं. पडद्यावर हिरवं हिरवं!

मंगळवारी ती युनियनच्या वकिलाला भेटणार आहे. अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांचं पत्र तिने मिळवलंय, दिवसा गाडी चालवायला ती योग्य आहे असं. वकील म्हणतो, सिडनीला आधी सुगावा लागू द्यायचा नाही, पत्र थेट नोकरीच्या सुनावणीतच बाहेर काढायचं. नाहीतर ते आधीच नोकरी संपवून मोकळे होतील. सगळं तिने नीट लिहून ठेवलंय कॅलेंडरात, तारीख, वेळ, वकिलाचं नाव, पत्राबद्दलसुद्धा.

"तुझ्यापाशी आहे म्हणजे तिजोरीत आहे," म्हणाली.

११ एप्रिल, शुक्रवार

साडेआठला अँथियाचं उत्तर आलं. "कुणीच सांगितलं नाही, रेलीन. तुमच्या जोडणीत पर्याय निवडलेला आहे: मला दिसणारी सगळी कॅलेंडरं. कामाच्या वेळेत डॉक्टरची भेट दिसली की आमच्याकडे आपोआप लाल खूण होते." खाली तक्ता जोडलेला. ग्लेनिसच्या चारही तारखा त्यात. प्रत्येक ओळीच्या शेवटी, कोणाकडून आलं त्या रकान्यात, माझं नाव.

दर पंधरा मिनिटांनी मीच सांगत होते.

तक्त्यातली शेवटची ओळ कालची आहे. मंगळवार, युनियनचा वकील.

डॉट आठलाच निघून गेली.