धुऱ्यावरची कविता

निकिता,

तू क्लासले गेली अन् तुया दादाले दिसणंच बंद झालं. वांत्या थांबूनच नाही राह्यल्या. ऑटोनं यवतमाळच्या दवाखान्यात नेऊन राह्यली. तू मांगं येऊ नको. आज इंग्रजीचा पेपर हाये, तो दे. भाकर टोपल्यात हाये, खाऊन जा. मोरीतल्या फवारणीच्या कपड्याले हात लावू नको.

डॉक्टर विचारतीन, तोंडाले फडकं काहून नाही बांधलं. मी सांगीन, त्यायले सवयच नाही. कोणी विचारलं तर तूही तेच सांग. काल तू वावराच्या धुऱ्यावर बसून इंग्रजी कवितेचे प्रश्न विचारत होती अन् ते चालू फवारणीत तोंडावरचं फडकं खाली करून उत्तरं देत होते, हे कोणाले सांगू नको. मनालेही लावून घेऊ नको. कपाशीची पराटी डोक्याच्या वर गेली, तिथं फडकं काय करते!

'कविता काहून आवडली' हा प्रश्न येईनच. चार ओळी लिहून टाक. खोटं लिहिलं तरी मार्क भेटतात.

ऑटो दारात उभा हाये. आत पडल्या पडल्या ते कालचीच कविता म्हणून राह्यले, अन् दर ओळीले विचारतात, "बरोबर हाये ना, निकी?"

मले इंग्रजी येत नाही. मी हो म्हणून राह्यली.

वैनी