रिकाम्या पेटीला जवळा

आई,

तुम्ही देवळातून परताल तेव्हा मी सत्याग्रहाच्या तुकडीबरोबर बेळगावला निघालेली असेन. समोर सांगितलं असतं तर तुम्ही रडला असता आणि माझा पाय निघाला नसता. ह्यांना ठाऊक आहे.

शकूचे काचेच्या पेटीतले मासे गेल्यापासून तुम्ही स्वतःच्या हाताला दोष देताय, तो देऊ नका. पिण्याच्या हंड्यातल्यासारखं पेटीतलं शिळं पाणीही तुम्ही रोज ओतून, वाळू घासून धूत होता. माशांची घाण पचवणारे सूक्ष्म जंतू त्या वाळूतच वाढतात. त्यांना वाढायला सवड मिळाली नाही, एवढंच.

आता पेटी रिकामी असली तरी तिच्यात रोज चिमूटभर सुक्या जवळ्याची पूड टाका. ती कुजेल, त्यावर जंतू वाढतील. मामंजी हसतील, हसू देत. पाणी गढूळ होऊन आपोआप निवळेल. मध्ये धुऊ नका.

निवळल्यावरही महिनाभर थांबा, मग शकूला घेऊन तुम्हीच नवे मासे निवडून आणा. अटक झाली तर मी कधी येईन सांगता येत नाही. माझ्यासाठी खोळंबू नका. तुमच्या हातचं खाऊन ते जगलेले तिला दिसू देत.

मी नसताना रात्री तिला जवळ घ्या. ती मागणार नाही, पण तिला लागतं.

मीनाक्षी