अकरा वेळा कोरलेली पोकळी

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच, कंबर धरली आहे). तुमचा गुडघा आणि मामीचा खोकला कसा आहे? मी ठीक आहे.

तुम्ही विचारलंत, मी नेमकं करतो काय. केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढी एक पोकळी असते. तिच्यात प्रकाश कोंडायचा आणि आत बसवलेल्या क्यूबिटशी त्याची गाठ घालून द्यायची. (क्यूबिट म्हणजे येऊ घातलेल्या संगणकाचा सर्वांत लहान भाग, कुणी नुसतं पाहिलं तरी बिघडतो, माझ्या थोरल्या काकांसारखा.) प्रकाश कुठे दाटेल, किती टिकेल, हे मी संगणकावर काढतो. पोकळी प्रत्यक्ष कोरतात त्या आमच्या प्रयोगशाळेतल्या ताई.

माझ्या गणितात प्रकाश जितका टिकायचा, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच तो ताईंच्या पोकळीत टिकायचा. आमच्या प्रमुख सरांनी माझी पाठ थोपटली, माझ्या गणिताचा लेख छापायला पाठवला आणि ताईंना पुन्हा कोरायला सांगितलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात झाकून घेऊन त्यांनी आठ महिन्यांत ती अकरा वेळा कोरली. मध्ये एकदा मीही जाऊन, हात कसा स्थिर ठेवावा, यावर त्यांना दोन शब्द ऐकवले (आता आठवलं की कानशिलं तापतात).

गेल्या आठवड्यात आकृतीचे रंग बदलायचे म्हणून मी जुनं गणित उघडलं. संगणकात पोकळीभोवती एक कल्पित पेटी आखावी लागते. निसटलेला प्रकाश तिच्या भिंतींनी गिळून टाकायचा असतो. माझ्या भिंती आरसे निघाल्या. पळालेला प्रकाश त्यांच्यावर आपटून परत यायचा आणि मी म्हणायचो, टिकला. भिंती सुधारल्या. उत्तर दहाव्या हिश्शावर आलं. ताईंच्या पहिल्याच पोकळीत मोजलं होतं, तंतोतंत तेवढंच.

गप्प राहता येईल, हेही मनात येऊन गेलं. मग सरांच्या खोलीत गेलो, तर ताई तिथेच, बाराव्या पोकळीचा आराखडा घेऊन. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सर चष्मा पुसत म्हणाले की लेख मागे घ्यावा लागेल. ताई एवढंच म्हणाल्या, "अकरा वेळा." आणि आराखड्याची घडी घालून निघून गेल्या.

नव्या लेखात त्यांचं नाव पहिलं असेल, माझं शेवटी. एकंदरीत सगळं मार्गी लागलं आहे, काळजी नसावी.

तुमचा (सवडीनुसार) आज्ञाधारक
भाचा

ता. क. : आईला यातलं काही कळवू नका. मी चूक कबूल केली, एवढं वगळून ती बाकीचं सगळीकडे सांगेल.

ता. क. २ : खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. ताई आठ दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत, आणि आमची टेबलं शेजारी आहेत. मामी एकदा तुमच्याशी दीड वर्ष बोलत नव्हती म्हणे. तो अबोला कसा सुटला, सविस्तर लिहा.

ता. क. ३ : किंवा उत्तर मामीलाच लिहू द्या. तुम्ही लिहाल, तुम्ही काय काय केलंत ते. मला हवंय, त्यातलं तिला काय पटलं ते.