उदयसिंगानं हात सोडला नाही

शेलूबाजार, ३१ जानेवारी १९४८

सैफुद्दीनभाई, सलाम.

तू हैदराबादले बोलावलं म्हणून निघालोच होतो, पण काल वाटेत कुस्त्या लागल्या अन् मी लंगोट कसला. हजारेनं ऑस्ट्रेलियात एकाच कसोटीत दोन शतकं मारली, तेच सांगत समोरच्या पैलवानाशी, उदयसिंगाशी, हात मिळवला.

तेवढ्यात कोणी ओरडलं, "दिल्लीत गांधीजीले गोळी घातली!"

मारणारा कोण, कोणालेच ठाऊक नव्हतं. तरी सगळे माझ्याकडंच पाहून राह्यले.

"धरा रे फय्याजले!"

उदयसिंगानं माझा हात घट्ट धरला. "कुस्ती बाकी हाय. याले धराचं असंल त्यानं आधी मले चित करा."

मारणारा हिंदू असल्याचं रेडिओवर आलं, तवा लोक पांगले.

भाई, हे पत्र टाकत नाही. वाचून तू मले न्यायले येशील, अन् मले जायचं नाही.

तुझा धाकटा,
फय्याज