नव्वद मीटरांचा माळ

डोंगरकडा,
६ जानेवारी २०२५

चि. आरोही हिस तात्याकाकाचे अनेक आशीर्वाद वि.

फोनवर बोललेले नंतर नाकारता येते, म्हणून कागद निवडला.

आपल्या माळावरील तुझा अभ्यास तू ग्रामपंचायतीस पाठवलास. निजामकाळातील नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवून पूर्वीचा गवताळ माळ कोठवर होता, हे तू दाखवलेस. तोच कागद जोडून तांड्यातील अकरा घरांना नोटिसा आल्या आहेत : घरे गायरानात आहेत, सुनावणी सात फेब्रुवारीस. काल तांड्याचे नाईक भीमसिंग ओसरीवर आले. चहा घेतला नाही. मास्तर, आमी घरं बांधली तवा गवत शंभर पावलं अल्याडच संपत व्हतं, आता ते आमच्या चुलीखाली कसं आलं, असे त्यांनी विचारले. त्यांच्या पत्नी जिवनबाई म्हणाल्या, तुमची पोरगी आमच्याच दारात ताक प्याली अन् आमचंच दार पुसून गेली.

तीस वर्षे मी तर्कशास्त्र शिकवले. म्हणून विचारतो : हा विषय तुला कोणी सुचवला? नकाशा कोणी पुरवला? माळावर सौरप्रकल्प येणार, असे वारंगा फाट्यावर चहाच्या दुकानातही बोलतात. तू कोणाच्या सांगण्यावरून काम केलेस, असे मी मानत नाही. परंतु केले नाहीस, हेही सिद्ध झालेले नाही.

थंडीत कान झाकत जा. तुझ्याविषयीची माया मात्र शंकेच्या कक्षेबाहेर आहे.

तुझा तात्याकाका

छत्रपती संभाजीनगर,
१५ जानेवारी २०२५

ती. स्व. तात्याकाकांस आरोहीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला. मग अकरा घरांचे वाचले आणि माझा अभ्यास पुन्हा उघडून बसले. विषय माझाच. नकाशा मी अभिलेखागारात अर्ज करून मिळवला. सौरप्रकल्पाचे आपल्याच पत्रातून कळले.

नकाशा बसवण्याची रीत अशी : जुन्या कागदावर आणि आजच्या जमिनीवर दोन्हीकडे आहेत, अशा न हललेल्या खुणा शोधायच्या व एकमेकींवर ठेवायच्या. गावाकडची बारव आणि ओढ्यांचा संगम बरोबर जुळले. पूर्वेला माळावर मात्र काहीच उरलेले नाही. आपल्या शेताच्या बांधावरचा म्हसोबा तेवढा दोन्हीकडे आहे. तो जुळवण्यासाठी नकाशा पूर्वेकडे नव्वद मीटर ताणावा लागला. जुन्या मोजणीदाराची साखळी चुकली असेल, असे मी धरले.

आता प्रश्न माझा. साखळी चुकली, तर सगळीकडे चुकायला हवी. ती फक्त आपल्याच शेतात काहून चुकली? सोमेश्वरदादाला शेताची जुनी मोजणी विचारली, तर बाबांना, म्हणजे आपल्यालाच, विचार म्हणाला आणि फोन ठेवला. संशय घ्यायला मला आपणच शिकवलेत, तेव्हा रागावू नये.

काकूंना नमस्कार. या आगाऊ मुलीवरचा लोभ आटू देऊ नये.

आपली आरोही

डोंगरकडा,
२१ जानेवारी २०२५

चि. आरोही हिस अनेक आशीर्वाद वि.

साखळी चुकली नव्हती. म्हसोबा हलला.

आपल्याकडे तो शेताच्या आत ठेवत नाहीत. तो बांधावर बसतो. माळात बांध पुढे न्यायचा, तर आधी नारळ फोडून देवाला पुढे न्यायचे, मग नांगर धरायचा, आणि देवानेच वाट दिली असे म्हणायचे. माझ्या वडिलांनी त्याला दोनदा नेले. १९८६ साली तिसऱ्यांदा मी नेले. शिकलेला असल्यामुळे मी त्यास बांधबंदिस्ती म्हटले, एवढाच फरक.

तू दगड अचल मानलास, त्यामुळे सगळा माळच पूर्वेला सरकून तांड्यावर बसला आणि आमचे शेत निर्दोष दिसले. म्हसोबास वगळून नकाशा पुन्हा बसव व सुनावणीपूर्वी पाठव; तेथे जाऊन मी हे सारे सांगणार आहे. मी संशय सर्वांवर घेतला. उंबरठ्याच्या आत मात्र आणला नाही.

सोमेश्वर म्हणतो, साडेतीन एकर जाऊन राहिले अन् बाबांना तर्क सुचून राहिला. तुझ्या काकू शालूबाई म्हणाल्या, देवाला नेलं तवा निवद मीच रांधला व्हता, तुमी एकले काहून जाता, साक्षीला मीबी येते.

प्रश्न विचारलास, यात तुझी पुतणी म्हणून परीक्षा झाली, उत्तीर्ण आहेस.

तुझा तात्याकाका

डोंगरकडा,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. आरोही हिस अनेक आशीर्वाद वि.

तुझा नवा नकाशा वेळेत पोहोचला. तो दाखवतो तेथे आमच्या हरभऱ्यात खणले असता देवाच्या पहिल्या ओट्याचा पाया हातभर खाली सापडला. काकूंनी साक्षीत देव कोणत्या साली कोठून कोठे गेला, ते नैवेद्यासकट सांगितले. अकरा घरांच्या नोटिसा मागे घेतल्या. आमचे साडेतीन एकर गायरानात मोजले. सोमेश्वर तेव्हापासून बोलत नाही.

सुनावणीतून बाहेर आल्यावर भीमसिंग हात जोडतील, अशी माझी अपेक्षा होती. ती तुझ्यापासून लपवत नाही. त्यांनी मला बाजूला नेऊन हळूच विचारले, मास्तर, खरं सांगा, ह्यात तुमचा फायदा काय हाय. काही नाही, असे मी म्हणालो. ते हसले. चाळीस वर्षं देवाआड नांगर धरणारा मानूस फुकट जमीन सोडत न्हाई, येवढं आमाला कळतं, असे म्हणून ते जीपमध्ये बसले.

त्यांचे अनुमान मी चार दिवस उलटसुलट तपासतो आहे. त्यात दोष सापडत नाही. आधारविधान मीच पुरवले होते.

काकूंचा आशीर्वाद. पत्राने विचारपूस चालू ठेवावी, एवढाच हक्क सांगतो.

तुझा तात्याकाका