तिसरं कडवं

मेम्फिस, ऑक्टोबर १९८४

प्रिय रेफील्ड,

तुझं गाणं पहिल्या नंबरावर गेल्याचं मला मिस इथेलीनकडून कळलं. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवरच तिनं मला गाठलं, "अगं ओझेला, त्या गाण्यात तू तर वारलीस म्हणे! मग माझं केकचं भांडं आता कुणाकडे मागू?" सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये एकीच्या केसांना गरम कंगवा लावत असताना ते रेडिओवर लागलं. टोपीवाल्या त्या गोऱ्या पोराचा आवाज बरा आहे. आपल्या ट्रम्पेटच्या जागी फिडल आलंय, तेही शोभतं. कंट्री गाणी करणाऱ्यांना गाण्यातली गोष्ट तडीस न्यावी लागते, म्हणून त्यांनी तुझ्याकडून तिसरं कडवं मागून घेतलं असणार. आणि तू त्यात मला सरळ पुरूनच टाकलंस. कडवं चांगलं जमलंय, खोटं कशाला बोलू?

आपण सतरा वर्षांपूर्वी ते गाणं रेकॉर्ड केलं तेव्हा त्याला शेवटच नव्हता. आपल्या कुठल्याच गाण्याला नसायचा. बँड वाजवत राहायचा, मी मनाला येईल ते गात राहायचे आणि काचेमागे बसून तू आवाज हळूहळू उतरवायचास. तीन मिनिटांच्या वर गेलं की रेडिओवाले लावायचे नाहीत. 'माझ्याकडे काही नाही, तरी येशील का?' ही ओळ लिहून तू मलाच विचारतोयस, हे स्टुडिओतल्या झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. तोंडानं विचारायची तुझी छाती नव्हती. मग मीही गाण्यातच उत्तर दिलं. येईन, रेफील्ड, येईन, असं तुझं नाव घेऊन गायले. तेवढ्यात काचेमागे तुझा हात बटणावर गेला. रेकॉर्डवर त्यातलं एक अक्षरही उतरलं नाही.

मला वाटलं, तू ऐकलंच नाहीस. पुन्हा सांगायला मी तयार नव्हते, माझं नाक तेव्हा फार वर होतं. महिन्याभरात तू नॅशव्हिलला गेलास. पुढे मी थिओडिसशी लग्न केलं. भला माणूस होता, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्याशेजारी बसून जेवतानाही कधीकधी मनात यायचं, मी पुन्हा एकदा तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं? याची मला लाज वाटायची, त्याच्यापुढेही आणि तुझ्यापुढेही.

परवा तू रेडिओवर मुलाखतीत म्हणालास, "तिनं मला कधी उत्तरच दिलं नाही." ती ऐकून आपला रेकॉर्डिंगवाला ह्यूलन काठी टेकत माझ्याकडे आला. बसलाही नाही. म्हणाला, "ओझेला, त्याच दिवशी दुपारी मी त्याला आवाज न उतरवलेली अख्खी टेप ऐकवली होती, तुझ्या उत्तरासकट. दोनदा लावायला लावली त्यानं. मग म्हणाला, तिला सांगू नकोस." तू घाबरलास की नॅशव्हिल तुला जास्त हवं होतं, ते मी विचारत नाही. कडवंही बदलू नकोस, लोकांना रडायला आवडतं. पण मी सतरा वर्षं स्वतःला दोष देत आले, तो आजपासून तुझा तू सांभाळ. आणि पुन्हा कुणी विचारलं, तर सांग की ती हो म्हणाली होती.

एके काळी तुझीच,
ओझेला